पानाचे नाव आणि शोधयंत्र



पुण्याच्या पेशवे दप्तरातले जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल म्हणजे कापडी गाठोडे. आत वतनाचा तंटा आहे की लढाईची खबर, हे गाठ सोडल्याशिवाय कळायचे कसे? ज्या रुमालाची नीट नोंद आहे तो सापडतो. ज्याची नाही, तो असून नसल्यासारखाच. आज माणसे आपले लिखाण वेबवर ठेवतात. तिथेही हाच न्याय आहे. वेबपानाच्या या नोंदीला शीर्षक म्हणतात. त्याची हकीकत आज पाहू या.

वेबचा जन्म जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत झाला. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञाने १९८९ साली योजना मांडली आणि १९९१ साली वेब जगासमोर आले. त्याच्या पहिल्या पानाचे शीर्षक होते ‘द वर्ल्ड वाइड वेब प्रोजेक्ट’. बढाई नाही, अलंकार नाही; पान कशाचे, तेवढेच सांगितले. हे शीर्षक मजकुरावरच्या मथळ्याहून वेगळे असते, बरे का. मथळा पानावर दिसतो. शीर्षक संगणकाच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत दिसते, आणि शोधणाऱ्यापुढे जी यादी येते, तिथेही सहसा तेच येते.

वेबपाने ज्या खुणांच्या भाषेत लिहितात, त्या ‘एचटीएमएल’चे नियम नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत प्रत्येक पानाला शीर्षक हवेच, असे ठरले. नुसते ‘प्रस्तावना’ असे शीर्षक देऊ नये, कारण पानापासून सुटे केले की त्याला अर्थ उरत नाही; आणि ते ६४ अक्षरखुणांच्या आत असावे, नाही तर मध्येच तुटण्याचा संभव, असा सल्लाही दिला होता.

पण हे शीर्षक वाचणारा आणखी एक वाचक तोवर आला होता. तो म्हणजे यंत्र! डिसेंबर १९९३ मध्ये स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर यांनी ‘जंपस्टेशन’ हे शोधयंत्र सुरू केले. साधने तुटपुंजी होती, म्हणून ते फक्त शीर्षके आणि मथळे टिपून घेई. आतला मजकूर कितीही मोलाचा असो, नाव धड नसेल तर ते पान त्याच्या लेखी नव्हतेच. १९९४ साली अमेरिकेत ‘वेबक्रॉलर’ आले, आणि ते पानाचा सगळा मजकूर वाचू लागले.

मग शीर्षकाचे महत्त्व संपले का? नाही. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी आपल्या ‘गूगल’विषयी निबंध लिहिला. कोणत्या पानाला इतर किती आणि कोणती पाने वाट दाखवतात, यावरून पानाची थोरवी ठरवायची, ही त्यांची युक्ती. ही युक्ती जोडीला असली, तर लोकप्रिय विषयांवर नुसती शीर्षके धुंडाळूनही उत्तम उत्तरे मिळतात, असे त्यांनी नोंदवले.

महत्त्व आले की लबाडीही येते. काहींनी शीर्षकात तेच तेच शब्द कोंबले, काहींनी भलतीच आमिषे दाखवली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने जाहीर केले, की यादीत दाखवायचे नाव ठरवण्याची नवी पद्धत सुरू केली आहे. शीर्षक जुळत नसेल तर पानावरचा मथळा उचलून तो दाखवला जाईल. म्हणजे खोटे नाव आता यंत्रही खपवून घेत नाही.

मराठीची अडचण आणखी वेगळी होती. आरंभीची कितीतरी मराठी पाने आपापल्या निराळ्या टंकांत होती. डोळ्यांना देवनागरी दिसे, यंत्राला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरे वाटत. १९९१ च्या ‘युनिकोड’मध्ये देवनागरीला स्थान मिळाले होते, पण त्याचा वापर रुळला तेव्हाच मराठी शीर्षक मराठीत शोधता येऊ लागले.

गुरुजी, बाई, या इतिहासातून घ्यायचे ते एवढेच. शाळेच्या प्रत्येक पानाला ‘मुख्यपृष्ठ’ किंवा ‘माहिती’ असे एकच नाव देऊ नका. पानागणिक नाव वेगळे असावे, विषय आधी यावा, आणि शोधणारा जो शब्द बोलतो तोच लिहावा. ‘शेतीविषयक उपयुक्त माहिती’ असे कोण शोधतो? ‘हरभऱ्यावरील घाटेअळी : ओळख आणि उपाय’ असे लिहा. पीक धोक्यात असलेल्या शेतकऱ्याला फुरसत नसते. यादीतली एक ओळ वाचून तो ठरवतो. त्या ओळीत जे सांगाल ते पानात असू द्या. तुमच्या गावाने अनुभवाने मिळवलेले ज्ञान नावाअभावी पडून राहिले, तर तोटा एकट्या लिहिणाऱ्याचा नाही. ज्याला त्याची गरज होती, त्याचाही आहे.