थेंबांची वही

गरीला मासा लागला की श्रेय गरी टाकणाऱ्याला. आमिषाला रंग देणाऱ्याची आठवण कोण ठेवतो?

१४९६ साली इंग्लंडात विंकिन द वर्ड या मुद्रकाने गरीच्या मासेमारीवरचा एक निबंध छापला. मासे पकडायची दोरी तेव्हा घोड्याच्या केसांची. ती रंगवायच्या कृती त्यात आहेत. हिरव्या रंगासाठी एक क्वार्ट हलकी बिअर, अर्धा पौंड तुरटी, अर्धा तास मंद उकळी. पुढे मात्र वनस्पती 'दोन मुठी'. मूठ कुणाची, हे आज कोण सांगणार?

१९४९ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात निक क्रीम यांनी स्वयंपाकघरात विनाइल, तेल आणि रंगद्रव्ये शिजवून मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ केले. आज तिथले अनेक हौशी लोक घरीच प्लॅस्टिसॉल सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून साच्यात ओततात. त्यात रंग थेंब मोजून घालतात. कपाला किती थेंब, चमकी किती, रंग कुठल्या बाटलीतला, हे लिहिले तरच तीच छटा पुन्हा जमते. डोळ्यांवर विसंबून चालत नाही; जास्त तापले तर प्लॅस्टिक पिवळे पडते.

आपल्याकडे हुमणाची कृती विचारा. "अंदाजाने घाल," हेच उत्तर! तो अंदाज हातात असतो आणि हाताबरोबरच जातो. कारकुनाची नोंद रुक्ष वाटते खरी. पण गेलेल्या माणसाच्या हाताची चव किंवा रंग परत आणायचा, तर तिच्याखेरीज दुसरी वाट नाही.