तेलाचा प्रदेश आणि बंदूक

नायजेरियात नायजर नदीच्या मुखाशी असलेल्या त्रिभुज प्रदेशात बेकायदा शस्त्रे एवढी का पसरली, या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'दारिद्र्य' या एका शब्दात दिले जाते. परंतु दारिद्र्य इतरत्रही आहे. ते सर्वत्र बंदूक हाती घेत नाही. खरे कारण शोधावयाचे तर या प्रदेशाच्या इतिहासाकडेच वळले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज या मुलखास 'तेलनद्यांचा प्रदेश' म्हणत. ते तेल पाम वृक्षाच्या फळांचे. आणि त्याच्या मोबदल्यात येणाऱ्या मालात बंदुकाही असत. १८८६ साली सनद मिळालेल्या रॉयल नायजर कंपनीने येथील व्यापार आपल्या मुठीत घेतला, तेव्हा उपजीविका बुडालेल्या नेंबे लोकांनी १८९५ साली राजा कोको याच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या अकासा येथील ठाण्यावर हल्ला केला. ब्रिटिश आरमाराने नेंबे जाळून त्याचे उत्तर दिले.

१९५६ साली ओलोइबिरी येथे खनिज तेल सापडले. देश स्वतंत्र झाला तेव्हा खनिजांच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा उत्पादक प्रांतास मिळे. पुढे लष्करी राजवटींनी तो इतका घटविला की १९९२ साली दिलेले ३ टक्के हीही वाढच ठरली. तेलाने नासलेल्या शेतांची व खाड्यांची दाद केन सारो-विवा यांनी ओगोनी लोकांच्या वतीने सनदशीर मार्गाने मागितली. १० नोव्हेंबर १९९५ रोजी त्यांना आठ सहकाऱ्यांसह फाशी देण्यात आली. निःशस्त्र मागणीची ही फलश्रुती तरुणांनी पाहिली.

१९९९ साली लोकशाही परतली व नव्या घटनेने प्रांतांचा वाटा किमान १३ टक्के ठरविला. परंतु २००३ च्या निवडणुकीत राजकारण्यांनीच तरुणांच्या टोळ्यांना पैसा व शस्त्रे पुरविली. निवडणूक संपली; शस्त्रे उरली. नळांतून चोरलेल्या कच्च्या तेलाच्या पैशाने त्यांत भरच पडली.

२००९ साली राष्ट्राध्यक्ष यारअदुआ यांनी माफी जाहीर केली आणि शस्त्र खाली ठेवणाऱ्यांस मासिक वेतन मिळू लागले. हिंसा ओसरली खरी. तथापि सारो-विवांच्या लेखणीस जे मिळाले नाही, ते बंदुकीस मिळाले, हेही सर्वांनी पाहिले. २०१६ साली तेलाच्या नळांवर पुन्हा हल्ले झाले, यात नवल ते काय? बंदूक जमा करून घेता येते. अन्यायाने तिला मिळवून दिलेली प्रतिष्ठा न्यायावाचून उतरत नाही.