पाण्याची साक्ष

समुद्राच्या पोटातील पाणी कोठून आले व कोठे चालले, हा प्रश्न दिसावयास साधा; परंतु पाण्याच्या अंगावर त्याच्या प्रवासाची खूण नसते. ती खूण मनुष्याने पाण्यास कशी दिली, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

काही द्रव्ये एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणास १८५२ साली स्टोक्स या पंडिताने ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. आपण त्यास अनुस्फुरण म्हणू. १८७१ साली बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने फ्लुओरेसीन नावाचा रंग सिद्ध केला, आणि सहाच वर्षांत त्यास एका नदीच्या वादात साक्षीदार व्हावे लागले. जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूबचे पाणी चुनखडकात मुरून नाहीसे होते. तेच पाणी आखच्या झऱ्यात वर येते काय? दोन्हीकडचे कारखाने त्या पाण्यावर चालत. १८७७ साली क्नोप यांनी नदीत १० किलोग्रॅम रंग सोडला. सुमारे ६० तासांनी, १२ किलोमीटरांवरील आखचा झरा हिरव्या तेजाने झळकू लागला! काळ्या समुद्राकडे निघालेले पाणी ऱ्हाईनमार्गे उत्तर समुद्रास जात होते. क्नोप यांनी मात्र एकट्या रंगावर विसंबून न राहता मीठ व तेलही सोडले होते, आणि त्या दोहोंनीही तीच साक्ष दिली. आमच्या मते या प्रयोगाचे खरे महत्त्व येथेच आहे.

समुद्रात सोडलेला रंग इतका विरळ होतो की, तो डोळ्यांस दिसेनासा होतो. तेथे फ्लुओरोमीटर हे यंत्र कामास येते. ते पाण्यावर ठरावीक रंगाचा प्रकाश टाकून उलट येणारे अनुस्फुरण मोजते. १९६६ साली लोरेन्झेन यांनी सूक्ष्म वनस्पतींच्या जिवंत हरितद्रव्याचे असे अखंड मापन करण्याची रीत दाखविली. पाण्यात रंग ओतावा लागला नाही; समुद्राने आपली खूण आपणच दाखविली.

परंतु साक्षीदार एकच असेल तर फसगतीचे भय असते. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात खनिज तेलाची विहीर फुटली, तेव्हा तेलाच्या अंशांचा एक ढग सुमारे १,१०० मीटर खोलीवर पसरला. खनिज तेल अनुस्फुरते; पण कुजलेल्या वनस्पतींची द्रव्येही अनुस्फुरतात. यंत्र प्रकाश सांगते, द्रव्याचे नाव सांगत नाही. म्हणून पाण्याचे रासायनिक पृथक्करणही करावे लागले.

२०२१ साली आयर्लंडच्या पश्चिमेस, समुद्रतळावरील एका घळीत संशोधकांनी तेच जुने फ्लुओरेसीन सोडले. तळालगतचे थंड पाणी उतारावरून दिवसास सुमारे १०० मीटर वर चढत असल्याचे त्यांस आढळले. खोल पाणी किती वेगाने वर येते, यावर समुद्र उष्णता व कार्बन किती काळ पोटात ठेवील हे अवलंबून आहे. क्नोप यांच्यापुढे दोन खोऱ्यांचा तंटा होता. आज प्रश्न सर्व पृथ्वीचा आहे. रंग तोच आहे, आणि साक्ष पडताळून घेण्याची शिस्तही तीच हवी.