पाच आवाजांचे वाद्य : जुन्या गेम यंत्रांतील संगीत

जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांतील ध्वनिचिपवर रचल्या जाणाऱ्या संगीताला ‘चिपट्यून’ म्हणतात. या संगीतात पूर्वमुद्रित असे जवळजवळ काहीच नसते. कार्ट्रिजमध्ये असतात त्या मुख्यतः सूचना : कोणता स्वर, किती वेळ आणि किती मोठ्याने. त्या वाचून चिप त्याच क्षणी नाद निर्माण करते. त्यामुळे तिचे नाते ध्वनिमुद्रिकेपेक्षा वाद्याशी अधिक जवळचे आहे.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली आणलेले ‘फॅमिकॉम’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यातील रिको कंपनीची ‘२ए०३’ ही चिप एका वेळी पाच आवाज काढते. चौकोनी तरंगांचे दोन आवाज बहुधा मुख्य धून व तिची साथ सांभाळतात. त्रिकोणी तरंगाचा तिसरा आवाज खर्जासाठी वापरला जातो. तो लहान-मोठा करण्याची सोय नाही. चौथा आवाज खरखरीचा, तालवाद्याची जागा घेणारा. पाचव्यावर ध्वनिमुद्रणाचे छोटे तुकडे वाजवता येतात.

या मर्यादांतूनच रचनेच्या युक्त्या जन्मल्या. एकाच आवाजातून स्वरसंघात हवा असल्यास त्यातील स्वर इतक्या झपाट्याने आलटून पालटून वाजवतात, की कानाला ते एकत्र भासतात. दुसऱ्या आवाजावर तीच धून किंचित उशिराने आणि हळू वाजवली, की प्रतिध्वनीचा आभास होतो. खेळातील उडीचा किंवा गोळीचा आवाजही याच पाचांपैकी एखाद्याची जागा तात्पुरती घेई. कोजी कोंडो यांनी १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे संगीत रचले ते याच चौकटीत.

चौकोनी तरंगाची रुंदी बदलली, की नादाचा पोतही बदलतो. १२.५ टक्के रुंदीला आवाज बारीक व अनुनासिक वाटतो, तर ५० टक्क्यांना भरदार. नव्वदच्या दशकात भारतातील घरोघरी टीव्हीला जोडले गेलेले आणि ‘कॅसेट’ घालून खेळायचे बहुतेक संच फॅमिकॉमच्या नकला होत्या. अशा काही नकलांच्या चिपमध्ये २५ आणि ५० टक्क्यांची अदलाबदल झालेली आढळते. साहजिकच तीच धून त्यांवर वेगळ्या पोताची ऐकू येते.

१९८९ सालच्या ‘गेमबॉय’मध्ये चार आवाज आहेत. त्यांपैकी एकाच्या तरंगाचा आकार रचनाकाराला स्वतः ठरवता येतो. जर्मनीचे ऑलिव्हर विट्चोव यांच्या ‘नॅनोलूप’ने आणि स्वीडनचे योहान कोटलिन्स्की यांच्या ‘लिटल साउंड डीजे’ने या खेळण्याचे हातात मावणारे वाद्य केले. ‘लिटल साउंड डीजे’मध्ये रचनाकार पडद्यावर स्वर एकाखाली एक मांडत जातो.

मात्र हे वाद्य आता नव्याने घडत नाही. निन्टेन्डोने फॅमिकॉमचे उत्पादन २००३ साली थांबवले. मूळ चिप हवी असेल तर जुनेच यंत्र शोधावे लागते. त्याहून नाजूक प्रश्न रचनांचा आहे. गेमबॉयच्या अनेक कार्ट्रिजमधील स्मृती बटणाएवढ्या एका सेलवर टिकते. तो संपला, की आतील सर्व रचना पुसल्या जातात. म्हणून रचनांची प्रत वेळीच संगणकावर उतरवून घेणे हा या कलेतील पहिला धडा मानावा लागतो. चिपची नक्कल करणाऱ्या संगणक प्रणालींमुळे त्या पुन्हा ऐकता येतात. पण त्यासाठी सूचनांची ती प्रत शिल्लक असावी लागते.