तांबडा ठिपका

आम्ही पिस्तूल कधी हाती धरलेले नाही. आमचे आयुष्य लेथ चालविणाऱ्या कामगारांत गेले. परंतु ‘हे यंत्र आले, आता शिकलेल्या हाताची गरज नाही’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की पिस्तुलावरील लेसरचा इतिहास वाचताना ते पुन्हा कानी आले.

पिस्तुलाच्या पुढच्या टोकास बारीक उंचवटा असतो, मागे खाच. दोहोंच्या रेषेत लक्ष्य आणावयाचे. या दोन खुणांत अंतर पंधरा सेंटिमीटर धरले, तर एका मिलिमीटरची चूक पंधरा मीटरवर दहा सेंटिमीटर होते! त्यातून चाळिशी लागलेल्यास पुढचा उंचवटाच धूसर दिसतो. आमच्या वयाच्या श्रोत्यांस हे निराळे सांगावयास नको.

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. त्याच वर्षअखेर वायूचा लेसर निघाला, आणि १९६२ मध्ये त्यातून तांबडा किरण मिळाला. तथापि तो पिस्तुलावर बसविणे सोपे नव्हते. १९८४ च्या ‘टर्मिनेटर’ चित्रपटातील पिस्तुलावर असा वायूचा लेसर होता. त्याची बॅटरी नटाच्या कोटात लपवून तारा बाहीतून आणल्या होत्या. प्रेक्षकांस मात्र वाटले, हत्यारच नेम धरते. पुढे डायोडचे लेसर आले, आणि सारे यंत्र मुठीच्या बाजूस मावू लागले.

त्याचा उपयोग खरा आहे. अंधारात, जमिनीवर पडलेले असता, किंवा ढालीआडून, जेथे पिस्तूल डोळ्यासमोर आणताच येत नाही तेथे ठिपका कामास येतो. परंतु भर उन्हात तांबडा ठिपका लोपतो. हिरवा अधिक दिसतो, कारण डोळाच त्या रंगास अधिक जागा आहे. धुरात किंवा धुक्यात किरण उमटून धरणाऱ्याचाच ठावठिकाणा सांगतो. किरण बहुधा नळीच्या खालून किंवा बाजूने निघतो. म्हणून ठरविलेले अंतर सोडले, की ठिपका एकीकडे आणि गोळी थोडी दुसरीकडे. सेल संपतात ते वेगळेच. ठिपका अंगावर पडताच समोरचा शरण येईल, असेही विकणारे सांगतात. भ्यालेला किंवा प्यालेला माणूस स्वतःच्या छातीकडे पाहतो काय?

नवख्याची फजिती याहून मोठी. ठिपका नाचू लागला की तो स्थिर होण्याची वाट पाहतो, आणि जुळल्यासारखा वाटताच चापाला हिसका देतो. वास्तविक हात पूर्वीही हलतच होता; आता तो दिसू लागला, एवढेच. जाणते शिक्षक याचाच फायदा घेतात. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून ते शिकाऱ्याला भिंतीवर ठिपका धरावयास लावतात, आणि चाप ओढताना तो कोणत्या बाजूस उडतो ते त्याचे त्यालाच पाहू देतात.