शेंदरी बोंडअळी : प्रतिकारक्षमतेची आनुवंशिकी

कापसाच्या बोंडात शिरून सरकी खाणाऱ्या पेक्टिनोफोरा गॉसिपिएला या पतंगाच्या अळीस शेंदरी किंवा गुलाबी बोंडअळी म्हणतात. सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले, ते भडोचच्या कापसावरील नमुन्यांवरून. कीटकनाशकाला न जुमानणाऱ्या किडीची नोंद मेलँडर यांनी अमेरिकेत १९१४ मध्येच केली होती. येथे मात्र विष फवाऱ्यातून नव्हे, तर पिकातूनच मिळत होते.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जंतूचे क्राय१एसी हे प्रथिन तयार करणाऱ्या बीटी कापसास भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. अळीच्या आतड्यातील कॅडहेरीन या प्रथिनास चिकटून हे विष आतड्याचे अस्तर फोडते. कॅडहेरीनाचे जनुक उत्परिवर्तनाने बिघडले की विषाला चिकटण्यास जागा उरत नाही. हा गुण बहुधा अप्रभावी असतो : मातापित्यांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडल्या असतील तरच अळी जगते. शेताच्या कडेने बिगर-बीटी कापसाच्या ‘आश्रय’ ओळी लावण्याचा नियम यावरच आधारलेला होता. त्या ओळींत वाढलेल्या संवेदनशील पतंगाशी संयोग झाल्यास प्रतिकारक्षम पतंगाची संततीही बीटी झाडावर मरते.

प्रत्यक्षात या ओळी फारच थोड्यांनी लावल्या. तथापि सारा दोष शेतकऱ्यांच्या माथी मारणे न्याय्य नाही. भारतात हे जनुक मुख्यतः संकरित वाणांतून आले. अशा झाडात त्याची एकच प्रत असल्याने बोंडातील सु. एकचतुर्थांश सरक्या त्या विषाविना निपजतात. सरकीवरच जगणाऱ्या अळीच्या हे पथ्यावर पडले. शिवाय वाण दीर्घ मुदतीचे, आणि पाणी असेल तेथे फरदड घेण्याची प्रथा. त्यामुळे अळीच्या अधिक पिढ्यांची निवड विषाखाली होत गेली.

गुजरातेतील अमरेली भागात २००८ मध्ये गोळा केलेल्या अळ्या क्राय१एसीला दाद देईनाशा झाल्या होत्या. पुढे भारतीय अळ्यांत कॅडहेरीन जनुकाची आठ बिघडलेली रूपे आढळली (२०१४). म्हणजे एकच जनुक अनेक वाटांनी निकामी झाले होते. २००६ पासून क्राय२एबी हे दुसरे प्रथिनही कापसात होते. पण पहिले निष्प्रभ होताच सारा भार त्या एकट्यावर आला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या पाहणीत महाराष्ट्रातील अळ्या दोन्हींना प्रतिकारक्षम आढळल्या आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडे पोखरली गेली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले.

चीनमध्ये संकरित बियाण्याची दुसरी पिढी पेरली जाऊन बीटी व बिगर-बीटी झाडे आपोआप मिसळली, तेव्हा हीच अळी पुन्हा संवेदनशील होऊ लागली. अमेरिकेने बीटी कापसाच्या जोडीला वंध्य पतंग सोडून २०१८ मध्ये तिचे उच्चाटन जाहीर केले. महाराष्ट्रात हंगामपूर्व लागवड टाळणे, फरदड न घेता डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे आणि कामगंध सापळे लावणे, यांवर भर देण्यात येतो.