काडतुसाचं वंगण आणि साताऱ्याचं सत्तावन्न

१८५७ म्हटलं की शाळेतली चरबीची काडतुसं आठवतात. पण बंदुकीला चरबी हवीच कशाला? एनफिल्ड रायफल नळीच्या तोंडातून भरायची. काळ्या दारूची काजळी आत घट्ट बसली की पुढची गोळी जाता जात नाही. वंगणाने ती मऊ राहते. म्हणजे गरज खरी होती.

मग तेल का नाही? जवसाचं तेल हवेत सुकून चिकट होतं. खोबरेल तर साताऱ्या-सांगलीच्या थंडीत बाटलीतच थिजतं. मेणात तूप किंवा तेल मिसळलं तर मात्र काम भागतं. जानेवारी १८५७ मध्ये सरकारने शिपायांना स्वतःचं वंगण वापरायची मुभा दिलीसुद्धा! पण विश्वास उडाला तो उडालाच.

आणि साताऱ्यात तर प्रश्न वंगणाचा नव्हताच. डलहौसीने १८४८ मध्ये राज्य खालसा केलं होतं. छत्रपतींची बाजू मांडत लंडनमध्ये वर्षानुवर्षं खेटे घालून रिकाम्या हाताने परतलेले रंगो बापूजी उठावाच्या तयारीला लागले. कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर १७ जणांना मारलं, त्यात त्यांचा मुलगा सीतारामही होता. रंगो बापूजी स्वतः कधीच सापडले नाहीत.

काडतुसाचं वंगण सरकारला बदलता आलं. घेतलेलं राज्य परत द्यायची मात्र तयारी नव्हती.